पहिली वीस मिनिटं

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांचा दिवस परिपाठानं उघडतो. घंटा होते, मुलं उंचीप्रमाणे रांगा धरतात, ‘सावधान’, ‘विश्राम’ होतं. ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत होतं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीताचा दर्जा मिळालेलं राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ होतं. प्रतिज्ञा होते. ही प्रतिज्ञा पायडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली आणि तिथून ती देशभर गेली. २०२०च्या प्रजासत्ताक दिनापासून संविधानाच्या उद्देशिकेचं वाचनही रोजचं झालं आहे. मग सुविचार, दिनविशेष, पंचांग, बातम्या, बोधकथा, सामान्यज्ञानाचे प्रश्न, शेवटी प्रार्थना किंवा पसायदान आणि थोडा वेळ मौन.

या रांगांमध्ये पहिली-दुसरीची मुलं सगळ्यात पुढे असतात, कारण ती सगळ्यात बुटकी असतात. माइक त्यांच्या अगदी डोक्यावर असतो आणि त्या माइकवरून येणाऱ्या शब्दांपैकी फार थोडे त्यांच्यासाठी असतात. चौथीतली एखादी मुलगी वर्तमानपत्रातून उतरवून घेतलेली रेपो दराची बातमी वाचत असते, तेव्हा समोरचा सहा वर्षांचा मुलगा पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघा ओढत असतो. उद्देशिका म्हणजे एकच लांबलचक वाक्य. त्याचा अन्वय लावायचा तर मोठी माणसंही मध्ये थांबतात.

परिपाठाबद्दल माझ्या मनात आदर आहे. वाडी-वस्तीवरची कितीतरी मुलं आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर उभी राहतात ती याच वेळी. शेकडो आवाज एका सुरात येण्याचंही एक मोल आहे, आणि न कळलेले शब्द पुढे कधीतरी कळतात हेही खरं. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला शाळेत आल्या आल्या आणखी एका गोष्टीची गरज असते. आपण आलोय हे कुणीतरी पाहिलं पाहिजे, आपलं नाव घेतलं पाहिजे, आणि काल संध्याकाळपासून पोटात धरून ठेवलेली गोष्ट कुणीतरी ऐकली पाहिजे. रांगेत ते होत नाही. त्यासाठी रांग मोडून गोल करावा लागतो आणि बाईंना किंवा गुरुजींना मुलांबरोबर खाली बसावं लागतं.

असा गोल मी पाहिला तो सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, मिळून २३ मुलं. परिपाठ संपला की ही मुलं वर्गात येतात आणि दप्तर ठेवायच्या आधी दारामागच्या कापडी फलकाकडे जातात. फलकावर दोन मोठे खिसे शिवलेले आहेत, एकावर ‘घरी’, दुसऱ्यावर ‘शाळेत’. प्रत्येक मूल आपल्या नावाची पट्टी शोधतं, एका खिशातून काढतं आणि दुसऱ्यात टाकतं. हजेरी तिथंच लागते. जून महिन्यात पहिलीतली मुलं पट्टीवरच्या चित्रावरून नाव ओळखत होती. मी गेलो तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि चित्रं कापून टाकली होती. एक मुलगी स्वतःची पट्टी टाकून झाल्यावर तिथंच उभी राहून उरलेल्या पट्ट्या वाचत होती, आणि मग मोठ्यानं म्हणाली, “बाई, तिघं अजून घरीच हायती.” वाचन आणि वजाबाकी, दोन्ही झालं होतं. अजून तास सुरूही झाला नव्हता.

मग सतरंजीवर गोल. जमिनीवर खडूनं आखलेली रेघ आहे, तिच्यावर मुलं बसतात. बाई कुठे बसतील हे ठरलेलं नसतं. जिथं जागा दिसेल तिथं. त्यांच्या शेजारी बसण्यावरून सुरुवातीला भांडणं व्हायची, आता जागा रोज बदलते म्हणून थांबली. पहिल्यांदा नमस्कार फिरतो. एकानं शेजाऱ्याकडे वळायचं, डोळ्यांत बघायचं, नाव घ्यायचं आणि नमस्कार घालायचा, त्यानं पुढच्याला. नमस्कार कसा घालायचा ते दर आठवड्याला मुलं ठरवतात. त्या आठवड्यात तो एका हाताची टाळी देऊन आणि ‘राम राम’ म्हणून चालला होता. सगळा फेरा दोन मिनिटांत पुरा झाला. या दोन मिनिटांत २३ मुलांपैकी प्रत्येकाचं नाव एकदा तरी दुसऱ्या मुलाच्या तोंडून आदरानं घेतलं गेलं. ज्याला घरी, गल्लीत आणि मैदानावर ‘ए बारक्या’ म्हणूनच हाक मारतात, त्याचंही.

खरा ऐवज यानंतर येतो. बाई त्याला ‘आज कुणाची गोष्ट’ म्हणतात. रोज तीनच मुलं बोलतात. यादी भिंतीवर लावलेली आहे, त्यामुळे आपली पाळी कधी ते प्रत्येकाला ठाऊक असतं. साधारण आठ दिवसांनी प्रत्येकाचा नंबर लागतो. सगळ्यांनी रोज बोलावं असं बाईंनाही आधी वाटायचं, पण २३ मुलांनी एकेक मिनिट घेतलं तर दहाव्या मुलापासून पुढे कुणी ऐकत नाही, हे त्यांना चारच दिवसांत दिसलं. बोलणाऱ्याला वेळ मिळावा आणि ऐकणाऱ्याला ऐकणं झेपावं, एवढाच तीनचा हिशेब.

त्या दिवशीची तिसरी गोष्ट दुसरीतल्या एका मुलीची होती. ती जशी बोलली तशीच देतो.

“काल नं, आमचं पप्पा म्हसवडला गेल्तं. मला चपला आणायच्या हुत्या. आन मग लई वारं सुटलं. आन आज्जी म्हनली पत्रा उडंल. गेल्या साली आमचा पत्रा उडाल्ता, नानाच्या रानात जाऊन पडला. आन मग पाऊस आला. आन पप्पा आलं. चपला न्हाईच आणल्या.”

एवढं बोलून ती थांबली. एखाद्या बाईंनी इथं म्हटलं असतं, “अगं, तुला नक्की काय सांगायचंय? चपलांचं की पत्र्याचं?” आणि मुलगी गप्प बसली असती. या बाई काहीच बोलल्या नाहीत. मनातल्या मनात त्या तीनपर्यंत मोजतात, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मग गोलातला एक मुलगा म्हणाला, “मग काय आणलं गं?” मुलगी म्हणाली, “तार. आन खिळं. पत्र्याला.”

आता ती गोष्ट पुन्हा वाचा. तिच्यात एकही वाक्य फालतू नाही. चपलांसाठी ठेवलेले पैसे परतीच्या पावसाच्या भीतीनं तारेत आणि खिळ्यांत गेले, हे त्या मुलीला नीट कळलेलं आहे आणि तिनं ते सांगितलंही आहे. ‘म्हणून’ हा शब्द तेवढा तिनं वापरला नाही. एका प्रसंगाला दुसरा प्रसंग जोडत जायचं आणि दुवा ऐकणाऱ्यानं ओळखायचा, ही सांगण्याची रीत तिच्या आजीची आहे, ओट्यावरच्या गप्पांची आहे.

अमेरिकेतल्या संशोधक सॅरा मायकेल्स यांनी कॅलिफोर्नियातल्या एका पहिलीच्या वर्गात हेच बारकाईनं पाहिलं होतं. तिथं सकाळी मुलांनी आपापली गोष्ट सांगायची पद्धत होती. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी दाखवलं की गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतली मुलं एकाच विषयाला धरून बोलायची. बाईंना पुढचा प्रश्न नेमका सुचायचा आणि मुलाचं बोलणं त्या प्रश्नाच्या आधारानं वाढायचं. काळ्या मुलांपैकी अनेकजण प्रसंगामागून प्रसंग सांगत जायचे. बाईंना धागा सापडायचा नाही, त्या चुकीच्या जागी मध्ये पडायच्या आणि मूल तुटायचं. बाई भल्या होत्या, कष्टाळू होत्या. पण त्यांच्या कानाला एकाच ठेक्याची सवय होती. परिणाम असा की लिहिण्या-वाचण्याची वाट ज्या बोलण्यातून जाते, त्या बोलण्याचा सराव एकाला रोज मिळत गेला आणि दुसऱ्याला रोज नाकारला गेला.

आपल्याकडे हा भेद जातीचा आहे, गावकुसाचा आहे, बोलीचा आहे. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, पालघरच्या वारली मुलाला, नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या मुलाला शाळेची मराठी पहिल्या दिवशी परकीच असते. माणदेशातल्या मुलाला ती परकी नसते, पण ‘हायती’ म्हटलं की ‘आहेत म्हण’ अशी दुरुस्ती मध्येच येते आणि सांगायची गोष्ट तिथंच खुंटते. मला विचाराल तर सकाळच्या गोलात उच्चाराची एकही दुरुस्ती होऊ नये. प्रमाण मराठी शिकवायला पुढचा अख्खा दिवस आहे.

तीनपर्यंत मोजण्यामागेही शास्त्र आहे. मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक १९७०च्या दशकात वर्गांमधली बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासत होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. ही शांतता तीन सेकंदांवर नेली, तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी मागे राहणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, वर्गात ते फार लांब जातात. सवय व्हायला महिना-दोन महिने लागतात असं माणमधल्या बाई म्हणाल्या.

गोष्ट झाल्यावर ऐकणाऱ्यांनी दोन प्रश्न विचारायचे, हा नियम. ‘छान’ म्हणायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्या सगळ्यांना सारख्याच पडतात, तिथं ऐकलं की नाही ते कळत नाही. प्रश्न मात्र ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही. सुरुवातीला मुलं ‘तुझं आवडतं फळ कोणतं’ असले पाठ प्रश्न विचारत. आता कोणी सांगितलं, “आमच्या शेळीला दोन करडं झाल्याती,” की लगेच येतं, “दोन्ही पाटी का एक बोकड?” धनगरवस्तीवरचं पोरगं तर त्याहून खोलात जातं.

गोलात बोलणं मोकळं झालं की घरातली दुखणीही येतात. रात्री वडील पिऊन आले, आईला मारलं, हे सात वर्षांचं मूल शेळीच्या करडांइतक्याच सहज सांगून जातं. अशा वेळी काय करायचं याचं उत्तर शिक्षकाकडे आधीपासून तयार असावं लागतं. बाईंचं उत्तर साधं होतं. त्या म्हणतात, “ऐकलं मी, बाळा. जेवणाच्या सुट्टीत आपण दोघं बोलू,” आणि खरोखर सुट्टीत जाऊन बोलतात. चौकशी गोलात होत नाही, मूल मध्येच गप्पही केलं जात नाही. बोलणं शिक्षकांच्या आवाक्यापलीकडचं निघालं, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. तो आकडा शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो, तो पाठही असावा.

यानंतर गोलात एक खेळ किंवा गाणं होतं. ते तीन-चार मिनिटांत आटपतं, आणि त्यात हात-पाय हलले म्हणजे झालं. शेवटी फळा. बाई मुलं यायच्या आधी फळ्यावर निरोप लिहून ठेवतात, चार ओळींचा. त्यातली एक ओळ कालच्या कुणाच्या तरी गोष्टीतून घेतलेली असते. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा फळ्यावर होतं: ‘काल वारा सुटला. आजीला पत्र्याची काळजी वाटली. पपांनी तार आणि खिळे आणले. आज आपण वाऱ्याबद्दल बोलू.’ ‘पप्पांनी’मधला एक प मुद्दाम गाळला होता. पहिलीतल्या मुलानं उठून तो बरोबर घातला. ज्या मुलीची ही गोष्ट होती ती फळ्याजवळ जाऊन प्रत्येक शब्दावर बोट ठेवत वाचत होती. ‘काळजी’ हा शब्द तिच्या पुस्तकात आला नव्हता, तरी तिनं तो वाचला. कारण तो तिच्याच आजीचा होता. प्रमाण भाषाही अशी, न दुखावता, तिच्यापर्यंत पोचली.

सकाळच्या या बैठकीला आज जगभर ठरावीक आराखडे आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफिल्ड इथे १९८१ साली काही शिक्षकांनी सुरू केलेल्या कामातून अभिवादन, सांगणं, सामूहिक खेळ आणि सकाळचा निरोप असा चार भागांचा क्रम रूढ झाला, आणि तो आपल्याकडच्या अनेक इंग्रजी शाळांत ‘सर्कल टाइम’ म्हणून पोचला. क्रम उत्तम आहे. पण आपल्याकडे या विचाराची स्वतःची वाट आहे आणि ती आपण विसरू नये. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर रुजलं. तिथं दिवसाची सुरुवात मुलांची तोंडं-नखं स्वच्छ करण्यापासून आणि गाण्या-गप्पांपासून होई. शिक्षकानं मुलाच्या जागी जाऊन बसायचं, हे तत्त्व या दोघींनी प्रत्यक्ष मातीत बसून सांगितलं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयानंही मुलाचा अनुभव हाच शिकण्याचा पाया धरला.

या सगळ्यावर शिक्षकांचा एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे: वेळ कुठून आणायचा? शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापनाचे ठरवून दिले आहेत. गोलाची रोज वीस मिनिटं म्हणजे वर्षाला साधारण ६७ तास, एकूण वेळेचा बारावा हिस्सा. हा हिस्सा वाया जातो असं समजायचं कारण नाही. नावपट्ट्या वाचणं, आलेले-न आलेले मोजणं, सलग बोलणं, ऐकून प्रश्न विचारणं, फळ्यावरचा निरोप वाचणं: २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाला पायाभूत भाषा आणि गणितात जे हवं आहे, त्यातलं बरंचसं इथं रोज होतं. फक्त त्याची पाठटाचणात नोंद करायला शिकलं पाहिजे, म्हणजे तपासणीला आलेल्या साहेबांनाही ते दिसेल.

शहरातली अडचण वेगळी. चाळीस-पंचेचाळीस मुलं, जड बाकं, अरुंद खोली. तिथं एक गोल होतच नाही. ठाण्यातल्या एका शाळेत बाईंनी अर्धी मुलं सोमवार-बुधवारी आणि अर्धी मंगळवार-गुरुवारी गोलात घ्यायला सुरुवात केली. उरलेली तेवढा वेळ बाकावर चित्रं काढतात. शुक्रवारी सगळेच जागच्या जागी शेजाऱ्याशी जोडीनं बोलतात. गोंगाट होतो. तो होऊ द्यावा. दोन पाळ्यांच्या शाळांत तर मुलं सकाळी सातला झोपाळलेल्या डोळ्यांनी यायची. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला तो त्यामुळेच. पेंगणाऱ्या मुलासमोर कुठलाच गोल रंगत नाही. हा निर्णय सगळीकडे मनापासून पाळला जावा असं मला फार वाटतं.

माणमध्ये दिवाळीनंतर गोल लहान होतो. काही घरं ऊसतोडीला जातात, काही मेंढरं घेऊन बाहेर पडतात. बीडकडे तर अख्ख्या वस्त्या हलतात. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण सहा वर्षांचं मूल मागे ठेवायला आईचा जीव सहसा होत नाही. बाईंनी फलकावर तिसरा खिसा शिवला आहे, ‘गावाला’. गेलेल्यांच्या पट्ट्या त्यात राहतात, आणि आठवड्यातून एकदा त्या काढून मुलं नावं वाचतात. मार्च-एप्रिलमध्ये मूल परत आलं की भिंतीवरची यादी बाजूला ठेवून पहिली पाळी त्याची.

गेल्या एप्रिलमध्ये असाच एक मुलगा परत आला होता, तेव्हाचं बाईंनी सांगितलं. अक्षरं बरीच विसरला होता. पण गोलात बसल्यावर तो फड, कोयता, मोळी, वाढं, टायरगाडी, वजनकाटा असं सगळं ओळीनं सांगत गेला, आणि दोन प्रश्नांचा नियम त्या दिवशी कुणी पाळला नाही. एकीनं विचारलं, “मोळीत ऊस किती असत्यात?” तो म्हणाला, “धा-बारा. माझी आय जास्तीची बांधती.” “मग पाच मोळ्यांत?” त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली, शेजारचा त्याला येऊन मिळाला, बाईंनी काड्यांचा डबा गोलात सरकवला, आणि गणित त्या दिवशी सतरंजीवरच झालं.